जयंतीच्या मांडवात 'फकिरा'

जुलै लागला की आमच्या दुकानात लेखक आणि शाहीर अण्णाभाऊ साठे यांचा फोटो दिवसातून दहा वेळा उघडावा लागतो. मी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात त्यांच्या जयंतीच्या, १ ऑगस्टच्या, आधीचे पंधरा दिवस आम्हाला जेवायला वेळ नसतो. बॅनरची मांडणी बहुतेक ठरलेली: वर शिवाजी महाराज, लहुजी वस्ताद, बाबासाहेब, मध्ये अण्णाभाऊ, खाली शुभेच्छुकांची रांग. ऑर्डर द्यायला आलेली पोरं मागं उभी राहून स्क्रीनकडं बघत सांगतात, "ताई, भाऊंचा फोटो अजून मोठा घ्या." त्या वेळी भाऊ म्हणजे अण्णाभाऊ नसतात, खालच्या रांगेतले इच्छुक नगरसेवक असतात. तो चेहरा मोठा केला की मधला आपोआप बारीक होतो. त्यातून बहुतेकांनी आणलेला अण्णाभाऊंचा फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून इतका गाळात गेलेला असतो, की दहा बाय आठवर ताणला की फुटतोच.

बॅनर करता करता मला एक खाज सुटली होती. या माणसाच्या नावानं एवढी गर्दी जमते. राज्यात अशी वस्ती नसेल जिथं मातंग समाज आहे आणि जयंती नाही. पण एवढ्या सगळ्या कार्यक्रमांत त्यानं लिहिलेलं एक पान कुणी मोठ्यानं वाचत नाही. भाषणं होतात. दीड दिवसाची शाळा, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, रशियाची वारी, हे तिन्ही टप्पे वक्ता न चुकता घेतो आणि हार-तुरे सुरू होतात. मी स्वतः वस्तीतलीच. घरात पुस्तकं होती म्हणून वाचलेली. म्हणून जयंतीच्या बैठकीत मी विषय काढला: १८ जुलैला अण्णाभाऊंची पुण्यतिथी, १ ऑगस्टला जयंती. या दोन तारखांच्या मध्ये रोज संध्याकाळी समाजमंदिरात त्यांच्या कादंबऱ्यांतला 'फकिरा' वाचायचा. सगळा.

बैठकीत त्या वेळेपर्यंत ज्योत, मिरवणुकीचा मार्ग आणि साउंड यांवर बोलणं चाललं होतं. बायका मोजक्याच होत्या. अध्यक्ष म्हणाले, "वाचलेलाच आहे की सगळ्यांनी." मी विचारलं, कुणी कुणी? खाली बघायला सुरुवात झाली. आप्पांनी तेवढा हात वर केला. ते साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आणि त्यांनी खरंच वाचला होता, दोनदा. बाकीच्यांना गोष्ट माहीत होती, पण ती भाषणांतून आणि घरच्यांच्या तोंडून. पोरांचं म्हणणं सरळ होतं: "ताई, पुस्तक ऐकायला कोण येणार? लोकांना नाचायचं असतं." खजिनदारांना चिंता माइकच्या भाड्याची. शेवटी भजनी मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर वापरायचा, चहाला पंधराशे रुपये मंडळाचे, आणि साउंड सिस्टीमला हात लावायचा नाही, अशा तहावर मला होकार मिळाला. वर्गणीतला निम्म्याहून जास्त पैसा साउंडला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. ते भांडण मी त्या दिवशी उकरलं नाही, कारण उकरलं असतं तर वाचन तिथंच संपलं असतं.

माझं डीजेशी वाकडं नाही. जी माणसं वर्षभर दुसऱ्याच्या रस्त्यावर बाजूला सरकून चालतात, त्यांना एक दिवस रस्ता अडवून नाचावंसं वाटलं तर मला ते कळतं. प्रश्न उरलेल्या दिवसांचा होता.

पुस्तकं गोळा करणं सोपं गेलं. 'फकिरा' १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि आजही ती मिळते. आप्पांची प्रत होतीच, पुठ्ठा सुटलेली. आणखी काही विकत घेतल्या, म्हणजे वाचणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यालाही पान दिसेल. वेळापत्रकाचा छोटा बॅनर मी दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर छापला. त्यावर एकही शुभेच्छुक नव्हता. त्यामुळं पैसे कुणाकडं मागायचे हाही प्रश्न नव्हता.

पहिली संध्याकाळ, १८ जुलै. प्रतिमेला हार घातला आणि वाचन सुरू झालं. पाऊस असा, की समाजमंदिराच्या पत्र्यावर नुसता धबधबा. वाचायला बी. ए. झालेला एक पोरगा घेतला होता, कारण त्याचे उच्चार स्वच्छ. त्यानं स्वच्छच वाचलं. आकाशवाणीच्या बातम्या लागल्यासारखं. लहान पोरं दहा मिनिटांत पळाली. भिंतीला टेकून बसलेली एक आजी मध्येच म्हणाली, "काय रं, पेपर वाचतोस व्हय?" सगळे हसले. पोरगा ओशाळला आणि आणखी भरभर वाचायला लागला.

दुसऱ्या दिवशी आप्पा, मी आणि तो पोरगा असे दुपारी बसलो. आप्पांनी एक गोष्ट दाखवली जी मी एकटीनं वाचताना माझ्या ध्यानात आली नव्हती. अण्णाभाऊ लिहायला लागायच्या आधी बोलत होते. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि शाहीर गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या गर्दीपुढं पोवाडे गायले, वग उभे केले. तमाशातली गौळण त्यांनी काढून टाकली आणि गणात, म्हणजे सुरुवातीच्या वंदनात, गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द कसा पोचवायचा हे त्यांना हातात ढोलकी असल्यापासून ठाऊक. म्हणून कादंबरीतली वाक्यंही आखूड आहेत, आणि वाक्य संपलं की श्वास घ्यायला जागा आहे. "तिथं थांब," आप्पा त्या पोराला सांगत होते, "त्यांनी थांबायला जागा ठेवलीय, तू उडी मारून पुढं जातोस."

मग आम्ही निवेदन एकाकडं आणि बोलणी वेगवेगळ्या तोंडी दिली. दौलतीचं, म्हणजे फकिराच्या आजोबाचं, बोलणं आप्पांकडं. राधाचं, म्हणजे फकिराच्या आईचं, आमच्या गल्लीतल्या एका मावशीकडं. मावशींना वाचता येतं पण चष्म्याचा नंबर वाढलेला, म्हणून त्यांचं बोलणं मी ठळक अक्षरात मोठं करून छापून दिलं. नाटक करायचं नाही, उभं राहायचं नाही, बसल्या जागेवरून बोलायचं, एवढा एकच नियम. दोन दिवसांत माणसं वाढली. मालिका सोडून आली असं नाही म्हणणार, पण मालिका संपवून आली.

खरा बदल हलगीनं झाला.

आमच्या वस्तीतले एक मामा हलगी वाजवतात. लग्नात, जत्रेत, मयतीत, जिथं बोलावतील तिथं. डीजे आल्यापासून बोलावणी कमी झालीत. ते रोज दारात उभे राहून ऐकायचे, आत यायचे नाहीत. मी त्यांना म्हटलं, "मामा, राणोजी जोगणी घेऊन येतो तिथं वाजवाल का?" कादंबरी वाचलेल्यांना तो भाग आठवत असेल. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावात आणतो, म्हणजे जत्रेचा मानच आणतो, आणि त्या पायी जीव गमावतो. पुढचं सगळं पुस्तक त्या एका घटनेवर उभं आहे. मामा म्हणाले, "आधी ऐकतो. मग सांगतो."

ते ऐकायला म्हणून आत आले तेही हलगी घेऊन. जुलैच्या दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज बद्द येतो. म्हणून त्यांनी समाजमंदिराच्या पायरीवर, पत्र्याच्या आडोशाला रद्दी पेटवली आणि हलगी त्यावर धरून शेकायला लागले. थोडा वेळ धरायची, बोटानं टिचकी मारायची, कान लावायचा, परत धरायची. पोरं भोवती कोंडाळं करून. माझ्या मते त्या कोंडाळ्यानंच त्या दिवशीचा अर्धा श्रोतृवर्ग आणला.

मी माझ्या प्रतीत पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या: इथं जोरात, इथं हळू, इथं थांबा. मामांनी त्या खुणा बघितल्याही नाहीत. वाचन चालू असताना ते वाजवत नव्हते. वाक्य संपून वाचणारा श्वास घेतो तेवढ्याच जागेत काडी पडायची. राणोजी शिवेकडं यायला लागला तशी ती जागा भरत गेली. राणोजी पडतो तिथं मी 'जोरात' लिहिलं होतं. मामांनी ताल बदलला. मयतीला पुढं चालताना जो वाजतो, तो ताल. आमच्याकडं तो ताल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लहानपणापासून कानात असतो. बायकांच्या बाजूनं पदर डोळ्यांना गेले. नंतर मामांना विचारलं तर म्हणाले, "माणूस गेला की हलगी अशीच वाजती. तू लिव्हलं होतंस त्ये जत्रंचं."

त्या रात्रीचा एक गमतीचा भागही सांगायला हवा. वस्तीत एक सून शिगावची आहे. राणोजीच्या जिवावर शिगावकर उठले तसं सगळं समाजमंदिर तिच्याकडं बघायला लागलं. "तुझ्या माहेरच्यांनी केलं बघ!" तिची जाऊ म्हणाली. ती पोरगी बिचारी आधी लाजली, मग चिडली, आणि दुसऱ्या दिवशी माहेरी फोन करून तिकडचे म्हातारे या गोष्टीबद्दल काय म्हणतात ते विचारून आली. तिचं म्हणणं तिनं सगळ्यांपुढं मांडलं. त्यावरून अर्धा तास वाद. पुस्तकातली गावं ज्यांना एस.टी.च्या पाटीवरून माहीत आहेत त्यांच्यापुढं हे पुस्तक वाचणं आणि पुण्या-मुंबईच्या सभागृहात वाचणं यांत फरक पडतोच. इथं फकिरा कल्पनेतला नायक नाही, शेजारच्या गावचा माणूस आहे.

वेळापत्रक मात्र कोलमडलं. सगळ्यात मोठा खंड पडला तो हजेरीच्या भागाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांच्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पोलिसपाटलापुढं जाऊन रोज हजेरी लावायची, रात्री गावाबाहेर दिसलं तर गुन्हा. कादंबरीत हे आहे. दोन परिच्छेद वाचून झाले असतील, आप्पांनी हात वर केला आणि त्यांच्या आजोबांची हजेरी सांगायला लागले. बहिणीच्या लग्नाला परगावी जायचं होतं, परवानगी मिळाली नाही, गेले नाहीत. एवढंच. पण मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक जण बोलला, मग तिसरा. त्या दिवशी पुस्तक मिटलेलंच राहिलं. वाचणाऱ्या पोराला वाटत होतं की लोक विषय सोडून चाललेत. मला वाटतं, कादंबरीचं याहून चांगलं वाचन झालं नसतं.

मधले काही दिवस पडेलच गेले. पाऊस, क्रिकेटची मॅच, कुणाच्या घरी बारसं. त्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

एका संध्याकाळी निवेदन करणारा पोरगाच आला नाही, म्हणून 'फकिरा' बाजूला ठेवून अण्णाभाऊंची 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचली. खाणीतलं काम सुटलेला भीमा पोटासाठी स्मशानातली राख चाळून सोनं शोधायला लागतो, पुढं पुरलेली मढी उकरायला लागतो. रात्री प्रेतावरून कोल्ह्यांशी झुंजतो तो भाग आला तेव्हा पोरं एकमेकांना चिकटली होती. त्याची बोटं प्रेताच्या जबड्यात अडकतात, कापावी लागतात, आणि त्याच वेळी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. कथा इथं संपते. कथा संपल्यावर एमआयडीसीतून नुकतंच काम सुटलेला आमचा एक शेजारी एवढंच म्हणाला, "आमची बी खाण चालू हुईल, पर तवर बोटं ऱ्हायली पायजेत." तो आधी कधीच आला नव्हता. नंतर रोज यायला लागला.

'फकिरा' संपायला ३१ जुलैची रात्र उजाडली. नेमकी त्याच रात्री पोरं ज्योत आणायला वाटेगावला निघाली होती. महामार्गावरून कासेगावला आत वळलं की वाटेगाव. तिथं अण्णाभाऊंच्या गावात ज्योत पेटवायची आणि आळीपाळीनं पळत आणायची. मागं टेंपो, टेंपोत कंदील, कारण पावसात मशाल दोनदा तरी विझतेच आणि विझली तर ती त्याच कंदिलावर लावायची, काडेपेटीनं नाही. असा पोरांचा कडक नियम आहे. निघायच्या आधी त्यातल्या दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, शेवट आमच्याशिवाय वाचणार?" ज्यांनी बैठकीत 'कोण येणार ऐकायला' म्हटलं होतं, त्यांतलेच ते.

वाचला. थांबणं शक्य नव्हतं, म्हातारी माणसं वाट बघत होती. पण १ ऑगस्टच्या पहाटे ज्योत आल्यावर ओल्या कपड्यांनी चहा पीत बसलेल्या पोरांना आप्पांनी शेवटची पानं परत वाचून दाखवली. फकिरा स्वतःहून सरकारपुढं हजर होतो, हे काहींना मुळीच पटलं नाही. "पळून गेला असता की." "आणि त्याच्या पायी धरलेल्या माणसांचं काय?" "त्यांनाबी सोडवलं असतं लढून." आप्पा म्हणाले, मग तसं तुम्ही लिहा. हे भांडण मिरवणुकीपर्यंत चाललं.

सकाळी शाळेचा कार्यक्रम. राज्यातल्या शाळांत १ ऑगस्टला टेबलावर दोन प्रतिमा असतात, लोकमान्य टिळकांची आणि अण्णाभाऊंची. टिळक मुंबईत वारले तो दिवस आणि वाटेगावात तुकाराम भाऊराव साठे नावाचं मूल जन्मलं तो दिवस एकच, १ ऑगस्ट १९२०. मुलं पाठ केलेली भाषणं करतात: शेंगा मी खाल्ल्या नाहीत, आणि मग दीड दिवसाची शाळा. वस्तीतल्या सातवीतल्या एका मुलीनं बाईंना विचारून भाषणाऐवजी दौलती आणि नातू यांच्यातलं एक पान वाचलं. तिनं आप्पांसारखं थांबत थांबत वाचलं. बाई नंतर मला म्हणाल्या की एवढी शांतता या कार्यक्रमाला आम्ही कधी बघितली नाही. त्यांनी पुस्तकाचं नाव विचारून घेतलं याचं मला जास्त बरं वाटलं.

संध्याकाळी मिरवणूक. डीजे होता, ठरल्याप्रमाणे. दहाला बंद करायचा पोलिसांचा दम होता, दहाला बंद झाला, तेही रडतखडत. अण्णाभाऊंची 'माझी मैना' लागली तेव्हा सगळी वस्ती नाचली. मीही. या छक्कडीची, म्हणजे तमाशाच्या ढंगातल्या गाण्याची, एक गंमत आहे. मुंबईला आलेला कामकरी गावाकडं राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, एवढंच लोकांना पाठ. रीमिक्सवालाही तिथंच कापतो. पण पुढं तीच मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख होते: बेळगाव, कारवार. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं गाणं आहे ते, १९६० च्या आधीच्या पेटलेल्या दिवसांतलं. साउंड बंद झाल्यावर मामांनी हलगी काढली आणि आप्पांनी पुढचा भाग म्हटला. आवाज फाटका, सूर जेमतेम. कॉलेजातली पोरं फोन काढून रेकॉर्ड करत होती. त्यातल्या एकाची मामी बेळगावची, त्यानं ते तिथल्या तिथं तिला पाठवून दिलं.

हिशोबाची बैठक आठवड्यानं झाली. चहाचे पंधराशे कधीच संपले होते, वरचे खजिनदारांनी कुणाला न सांगता स्वतःच्या खिशातून घातले होते. पुढच्या वर्षी काय वाचायचं यावर मात्र आधी कधी झालं नसेल असं भांडण झालं. पोरांना 'वारणेचा वाघ' पाहिजे, त्यात मारामारी आहे. बायकांना 'वैजयंता', कारण तमाशातल्या बाईचं आयुष्य त्यात आहे आणि या वर्षी सगळं पुरुषांचंच झालं असं त्यांचं म्हणणं. मी कथांच्या बाजूची. कादंबरीत चार दिवस चुकले की माणूस परत येत नाही. कथा एका बैठकीत संपते, शिफ्ट करणाऱ्यालाही धरून ठेवते. मत घेतलं तर बायका जिंकल्या, कारण बैठकीला या वेळी त्याच जास्त होत्या.

साउंडची रक्कम तेवढीच ठेवायची हे कायम राहिलं. पण वर्गणीच्या पावती पुस्तकात वाचनाचं वेगळं खातं उघडायचं ठरलं, आणि त्या खात्यात पहिली नोंद हलगीवाल्या मामांच्या मानधनाची केली. मामा नको नको म्हणत होते. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, डीजेवाला कधी नको म्हणाला का?